हप्त्याची मोटार

२०२५ सालीं घटस्थापना २२ सप्टेंबरला आली, आणि नेमक्या त्याच दिवसापासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर उतरला. त्या सायंकाळीं, देवापुढें दिवा लागल्यावर, आमच्या घरीं एक छोटीशी सभा भरली. आमचे थोरले बंधु नुकतेच नोकरींतून निवृत्त झाले होते व त्यांच्या फंडाचे पैसे बँकेंत येऊन पडले होते. पुतण्या तीन शोरूमांतून तीन कागद घेऊन आला होता. घरांतली जुनी गाडी थकली होती, तेव्हां नवी घ्यावयाची हें ठरलेलें होतें. कोणत्या जातीची घ्यावी हेंहि तरुण मंडळींनीं आपसांत ठरवून टाकलेंच होतें : चार मीटरांच्या आंतली, उंच बैठकीची, जिला हल्लीं ‘कॉम्पॅक्ट एस्.यू.व्ही.’ म्हणतात तशी. प्रश्न उरला होता तो एवढाच, कीं पैसे कोठून द्यावयाचे व कसे द्यावयाचे.

“बाबा, तुमचे पैसे मोडायचेच कशाला?” पुतण्या म्हणाला. “कंपनी सहा टक्क्यांनीं कर्ज मिळवून देते आहे. बँकेचा दर नऊ आहे.”

दादांनीं चष्मा पुसला आणि विचारलें, “कंपनी मोटार विकते कीं व्याज?”

हा प्रश्न त्यांनीं सहज विचारला. पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस पुढचा आठवडाभर कागद व आंकडे यांत बुडून जावें लागलें. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों. ज्या घरांत मिळवते चार आणि तिजोरी एक, अशा घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणारच.

आमच्या लहानपणीं असा प्रश्न उद्भवतच नसे. त्या काळीं देशांत मुख्यतः दोन मोटारी, फियाट आणि अँबॅसडर. किती गाड्या बनवावयाच्या हें सरकारी परवान्यानें ठरे, आणि पैसे भरून नांव नोंदविलें तरी गाडीस वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. अशा बाजारांत कारखानदारानें गिऱ्हाइकाला स्वस्त कर्ज कां देऊं करावें? जेथें माल थोडा आणि मागणी फार, तेथें सवलत नसते, वशिला असतो. १९८३ नंतर मारुतीच्या गाड्या येऊं लागल्या, पुढें १९९१ नंतर परवाने गेले, परदेशी कंपन्या आल्या, आणि तेव्हांपासून ‘सुलभ हप्ता’ हा शब्द जाहिरातींत ठळक अक्षरांनीं दिसूं लागला. म्हणजे हप्त्याची कथा ही मुळांत कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मालाची कथा आहे.

हें सूत्र अमेरिकेंत फार पूर्वींच कळलें होतें. जनरल मोटर्स कंपनीनें १९१९ सालीं कर्ज देणारी आपली स्वतंत्र पेढी काढली. तिचें कारण मोठें उद्बोधक आहे. कारखाना बारा महिने चालवावा लागतो. गिऱ्हाईक मात्र त्या थंड देशांत वसंत आणि ग्रीष्म या ऋतूंत येई. मग हिवाळ्यांत बनलेल्या गाड्या ठेवावयाच्या कोठें आणि कोणाच्या पैशानें? बँका मोटारीसारख्या चैनीच्या वस्तूवर कर्ज द्यावयास राजी नव्हत्या. तेव्हां कंपनीच्या पेढीनें विक्रेत्याला माल भरण्यास पैसे दिले आणि गिऱ्हाइकाला माल उचलण्यास. हेन्री फोर्ड यांस कर्जाचा तिटकारा. त्यांनीं १९२३ सालीं उलटी योजना काढली : आठवड्याला पांच डॉलर भरीत जा, पुरते पैसे जमले म्हणजे गाडी घेऊन जा. आपल्याकडील कोणत्याहि आजीबाईस ती मनापासून पटली असती! परंतु शेजारी आजच गाडींत बसून जात असतां, दीड-दोन वर्षें डबा भरीत बसणार कोण? योजना फसली. फोर्डची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी दीड कोटी निघाल्यानंतर १९२७ सालीं बंद झाली, आणि दुसऱ्याच वर्षीं फोर्डनेंहि कर्जपेढी काढली. ‘मॉडेल टी’ मागें पडली ती केवळ कर्जामुळें नव्हे. तिचें रूप एकच राहिलें आणि प्रतिस्पर्ध्यानें दर वर्षीं नवें रूप व प्रत्येक खिशाला साजेल अशी किंमत आणली, हें कारणहि तितकेंच मोठें. माल कोणता काढावा आणि तो उचलण्यास पैसे कसे द्यावे, हे दोन निर्णय त्या धंद्यांत जुळ्या भावांसारखे वाढले आहेत.

त्यांतला अधिक चमत्कारिक प्रसंग २००१ चा. न्यूयॉर्कवरील सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर शोरूम ओस पडले, तेव्हां त्याच जनरल मोटर्सनें शून्य टक्के व्याजाची घोषणा केली. इतर कंपन्यांस मागोमाग जावें लागलें. त्या ऑक्टोबरांत गाड्या अशा वेगानें खपल्या कीं तोच वेग वर्षभर टिकता तर अमेरिकेंत दोन कोटी दहा लाखांहून अधिक गाड्या गेल्या असत्या. पण ही गिऱ्हाइकें आकाशांतून पडलेलीं नव्हतीं. पुढच्या वर्षीं येणारीं तीं आधींच ओढून आणलेलीं होतीं. शिवाय लोकांस गोडी लागली. सवलत नसेल तेव्हां थांबावें, असेल तेव्हां घ्यावें, हें त्यांनीं ओळखलें. आणि कामगारांशीं झालेल्या करारांमुळें कारखाना बंद ठेवणेंहि महाग पडत असल्यानें कंपन्यांस सवलत देत राहणें भाग पडलें.

आतां आपल्याकडे येऊं. चार मीटरांच्या आंतली ही उंच मोटार भारतांत कशी अवतरली? तिचा खरा जनक कोणी अभियंता नसून एक करनियम आहे. २००६-०७ च्या अंदाजपत्रकांत सरकारनें लहान मोटारीवरील अबकारी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली, आणि लहान म्हणजे कोणती तें सांगितलें : लांबी ४००० मिलिमीटरांहून अधिक नको, पेट्रोलचें इंजिन १२०० सी.सी.च्या आंत, डिझेलचें १५०० च्या आंत. झालें! सर्व कंपन्यांचे आराखडे त्या रेषेशीं येऊन थांबले. शेपटी छाटलेल्या गाड्या निघाल्या, आणि ३९९५, ३९९९ असे आंकडे माहितीपत्रकांत झळकूं लागले. जिचें नांव आज फारसें कोणी काढीत नाहीं ती ‘रिओ’ नांवाची लहान उंच मोटार प्रीमियर कंपनीनें २००९ मध्यें आमच्या पिंपरी-चिंचवडांतच काढली होती. ती चालली नाहीं. मग २०१३ मध्यें फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि तिच्यासाठीं लोक कित्येक महिने थांबले. २०१६ मध्यें मारुतीची विटारा ब्रेझा, २०१७ मध्यें टाटांची नेक्सॉन. नेक्सॉन रांजणगांवास बनते. २०२१ मध्यें आलेली तिची धाकटी बहीण पंच पिंपरीस. महिंद्रांची ३ एक्स्-ओ नाशकास. २०२४ मध्यें पंच ही देशांत सर्वांत अधिक खपलेली मोटार ठरली, आणि तो मान चार दशकांत प्रथमच मारुतीच्या घराबाहेर गेला.

इंजिनाची निवड हा कारखान्याचा निर्णय गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत कसा पोंचतो, याचें ब्रेझासारखें उदाहरण दुसरें नाहीं. ती आली तेव्हां फक्त डिझेलवर चाले. इंजिन १३०० सी.सी.च्या आंतले, म्हणजे लहान गाडीच्या करांत बसणारें. पुढें एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे बी.एस्. ६ नियम लागू झाले, आणि लहान डिझेल इंजिन त्या नियमांत बसविणें परवडत नाहीं असें ठरवून मारुतीनें डिझेल अजिबात सोडलें. ब्रेझाला सुमारें १४६२ सी.सी.चें पेट्रोल इंजिन मिळालें. लांबी चार मीटरांच्या आंतच, परंतु इंजिन १२०० च्या पलीकडे. त्यामुळें कर मोठ्या गाडीचा. नेक्सॉनचें पेट्रोल इंजिन ११९९ सी.सी.चें, डिझेलचें १४९७. दोन्हीं रेषेच्या आंत. बरें, २२ सप्टेंबर २०२५ रोजीं काय झालें? लहान पेट्रोल गाडीचा कर उपकरासह २९ टक्के होता तो १८ झाला. लहान डिझेलचा ३१ होता तोहि १८. रेषेपलीकडील ब्रेझासारख्या पेट्रोल गाडीचा ४५ होता तो ४० झाला. सोपें गणित करूं. करासह दहा लाखांस पडणारी गाडी पहिल्या वर्गांतली असेल तर ती ९ लाख १५ हजारांच्या आसपास येते. ब्रेझाच्या वर्गांतली असेल तर ९ लाख ६५ हजारांच्या आसपास. आराखड्यावर ओढलेल्या एका रेघेनें आज पन्नास हजारांचें अंतर पाडलें. त्या सप्टेंबरांत नेक्सॉन विक्रींत पहिली आली, याचें नवल वाटावयास नको.

येथें वर्तमानपत्रें वाचणारांस एक सावधगिरीची सूचना. महिन्याच्या पहिल्या तारखेस ‘अमुक कंपनीनें इतक्या गाड्या विकल्या’ असे जे आंकडे छापून येतात, ते बहुधा कारखान्यांतून विक्रेत्याकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. तुमच्या-आमच्या अंगणांत आलेल्या गाड्यांचे नव्हेत. नोंदणी कचेरींत जी गाडी नोंदली जाते ती खरी विक्री. हे दोन आंकडे सारखे चालले तर ठीक. पण पहिला पुढें पळूं लागला तर मधल्या गाड्या विक्रेत्याच्या आवारांत उन्हांत उभ्या राहतात आणि त्यांवर त्याला बँकेचें व्याज चढत असतें. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस अशी स्थिति आली होती. विक्रेत्यांच्या संघटनेनें जाहीर केलें, कीं ८० ते ८५ दिवस पुरेल इतका, म्हणजे सुमारें ७९ हजार कोटी रुपयांचा माल पडून आहे. महिनाभराचा साठा पुरेसा मानतात. मग त्या दसऱ्यास व दिवाळीस सवलतींचा पाऊस पडला यांत औदार्य कितीसें?

उलट २०२१ मध्यें चिमुकल्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा जगभर तुटवडा पडला, गाड्या बनेनात, तेव्हां तेच विक्रेते रोकड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासहि ‘सहा महिने थांबा’ म्हणत. सवलत नाहीं, स्वस्त व्याज नाहीं. वर हव्या त्या गाडीबरोबर नको असलेलीं कव्हरें व गालिचेहि घ्यावे लागत. कर्जाचा दर हा कारखान्याच्या आवारावर बांधलेला वातकुक्कुट आहे. वारा कोठून वाहतो तें तो दाखवितो.

दादांच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. कंपनी मोटारच विकते. पण किंमत उतरविण्याऐवजीं कित्येकदां ती व्याज उतरविते. बँकेचा नऊचा दर सहा करावयाचा तर मधले तीन टक्के कोणीतरी भरावे लागतात. ते कंपनी किंवा विक्रेता आगाऊ भरतो. यास त्या व्यवहारांत ‘सबव्हेन्शन’ म्हणतात. कंपनीस किंमतीपेक्षां व्याज उतरविणें आवडतें, कारण छापील किंमत एकदां खालीं आणली कीं पुन्हां वर चढविणें कठीण, जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचें मोलहि त्यानें घसरतें. व्याजाची योजना मात्र ३१ तारखेस निमूटपणें संपविता येते. रिझर्व्ह बँकेनें तर २०१३ मध्येंच बँकांस बजावलें होतें, कीं शून्य टक्के व्याज अशी वस्तु वास्तवांत नसतेच. कोठेंतरी तें शुल्कांत वा किंमतींत दडलेलें असतें.

आमच्या पुतण्याच्या तीन कागदांचेंच पाहा ना. सोयीसाठीं गाडी दहा लाखांची, हातचे दोन लाख, कर्ज आठ लाख, मुदत पांच वर्षें धरूं. पहिल्या कागदावर सहा टक्के व्याज, रोख सूट नाहीं : हप्ता १५,४६६ रुपये, एकूण फेड सुमारें ९ लाख २८ हजार. दुसऱ्यावर पन्नास हजारांची रोख सूट, पण व्याज नऊ टक्के : कर्ज साडेसात लाखांवर येतें, हप्ता १५,५६९, फेड सुमारें ९ लाख ३४ हजार. महिन्याला अवघ्या एकशें तीन रुपयांचा फरक! सहा टक्क्यांचा गाजावाजा आणि पन्नास हजारांची सूट हीं एकाच नाण्याचीं दोन बाजू निघालीं. मात्र ज्यास कर्ज घ्यावयाचेंच नाहीं त्यास पहिला कागद कवडीच्या मोलाचा. आणि जो दोन वर्षांतच कर्ज फेडून टाकणार त्यालाहि सूटच फायद्याची, कारण सूट पहिल्याच दिवशीं पदरांत पडते, व्याजाची बचत हळूहळू. (मोटारीचें कर्ज बहुधा स्थिर दराचें असतें, मुदतीपूर्वीं फेडल्यास दंड किती, तें आधींच विचारून ठेवावें.)

तिसरा कागद पुतण्यास सर्वांत आवडला होता. त्यावरहि सहाच टक्के होते, वर टोपी व छत्री भेट. वहिनींनीं मात्र हप्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलें. “भाऊजी, दर एकच, मग इथं हप्ता सतरा हजार तीनशें तेहतीस कसा?” त्यांनीं तीस वर्षें घरचा जमाखर्च लिहिला आहे, आंकडा त्यांच्या डोळ्यांतून सुटत नाहीं. तो दर ‘फ्लॅट’ होता. म्हणजे दर महिन्यास मुद्दल फिटत जात असतांहि व्याज मात्र पांचहि वर्षें मूळच्या आठ लाखांवरच. दर वर्षीं ४८ हजार, पांच वर्षांचे २ लाख ४० हजार. घटत्या बाकीच्या रीतीनें पाहिलें तर तो दर पावणेअकरा टक्क्यांहूनहि किंचित् अधिक भरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जाबरोबर सर्व शुल्कांसह वार्षिक दर सांगणारें एक माहितीपत्रक देणें सक्तीचें झालें आहे. आम्हीं तें मागितलें तेव्हां तेथील तरुण विक्रेता जरा गोंधळला, मग म्हणाला, “काका, तें सहीच्या वेळीं मिळेल.” सहीच्या वेळीं! लग्न लागल्यावर पत्रिका पाहण्यासारखेंच तें.

मुदतीचेंहि असेंच. आठ लाखांस नऊ टक्क्यांनीं तीन वर्षांचा हप्ता २५,४४० पडतो, सात वर्षांचा १२,८७१. दुसरा आंकडा किती गोजिरवाणा दिसतो! पण पहिल्यांत एकंदर व्याज १ लाख १६ हजार, दुसऱ्यांत २ लाख ८१ हजार. मुदत लांबविल्यानें कारखान्यास मोठा लाभ होतो, कारण गिऱ्हाईक हप्ता पाहतें आणि त्याच हप्त्यांत एक पायरी वरची गाडी बसते. छताला खिडकी असलेली. ती खिडकी आमच्या ओळखींत कोणीं दोनदांहून अधिक उघडल्याचें ऐकिवांत नाहीं.

सूट मिळत होती ती कोणत्या गाडीवर, हा मुद्दा सर्वांच्या शेवटीं निघाला, वास्तविक तो प्रथम निघावयास हवा होता. तिन्ही कागद शोरूमच्या आवारांत उभ्या असलेल्या गाड्यांचे होते : वरच्या श्रेणीच्या, हातानें गिअर टाकावयाच्या, कोणी न उचललेल्या रंगाच्या. एकीच्या चौकटीवरील क्रमांकावरून ती मार्च महिन्यांत बनल्याचें कळलें. कारखान्यानें ज्या अधिक काढल्या त्यांवर सूट. ज्या थोड्या काढल्या त्यांस प्रतीक्षा. मधल्या श्रेणीची, आपोआप गिअर बदलणारी गाडी चार महिन्यांनीं मिळेल आणि तिच्यावर कसलीहि योजना नाहीं, असें तिन्ही ठिकाणीं सांगितलें.

“मग वरचीच घेऊं,” पुतण्या म्हणाला. “पन्नास हजार वांचतात.”

तेव्हां आई, जी इतका वेळ वाती वळीत बसली होती, एवढेंच म्हणाली, “गाडी चालवणार कोण?”

चालविणार वहिनी. दादांचे डोळे आतां रात्रीं काम देत नाहींत, पुतण्या नोकरीस बंगळुरास, आम्ही या विद्येंत कच्चे. आईस दवाखान्यांत नेणें, नातीस शिकवणीस सोडणें, सगळें वहिनींवर. आणि वहिनींच्या डाव्या गुडघ्याचें दुखणें गेल्या तीन वर्षांचें; पुण्याच्या वाहतुकींत क्लच दाबून दाबून त्या रात्रीं शेकत बसतात, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें आणि त्या आठवड्यांत एकालाहि आठवलें नव्हतें. त्या स्वतः तें बोलल्या नसत्याच.

दादांच्या मनांत आणखी एक शल्य होतें. आमच्या एका नातलगांकडे इकोस्पोर्ट होती. फोर्डनें सप्टेंबर २०२१ मध्यें भारतांतील उत्पादन थांबवीत असल्याचें जाहीर केलें तेव्हां त्यांचे हप्ते अजून चालूच होते. सुटे भाग मिळत राहिले हें खरें. पण जुन्या बाजारांतली तिची किंमत आणि घरांतलें समाधान, दोन्हीं उतरलीं. तळेगांवचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला, तो पुढें ह्युंदाईनें घेतला. कारखान्याला नवा धनी मिळाला, जुन्या गाड्यांच्या मालकांस मात्र आपली गाडी अनाथ झाल्यासारखें वाटलें. म्हणून सात वर्षांचें कर्ज दादांनीं ऐकूनच घेतलें नाहीं. फंडांतले सर्वच पैसे मोडणेंहि त्यांस पटेना. आईचें वय पाहतां रोकड हाताशीं हवी. अखेर सहा लाख फंडांतून आणि चार लाख कर्ज, नऊ टक्क्यांनीं, तीन वर्षांत फेडावयाचें, हप्ता १२,७२० रुपये, असें ठरलें. हप्ता पुतण्याच्या पगारांतून जावा असें त्यानें स्वतःच सुचविलें. सुटीवर पाणी सोडून आपोआप गिअरची गाडी नोंदविली. छत्रीहि गेली.

दसरा गाडीविनाच झाला. जुन्या गाडीलाच झेंडूची माळ घातली. नवी चार महिन्यांनीं, माघांत आली. नोंदणीपुस्तकांत बँकेचें नांव आहे. शेवटचा हप्ता गेल्यावर बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन नोंदणी कचेरींतून तें काढून घ्यावयाचें, अशी नोंद वहिनींनीं जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर तांबड्या शाईनें करून ठेविली आहे. त्याच वहींत आतां दर महिन्याच्या सात तारखेस पुतण्याचा संदेश आल्यावर हप्त्यापुढें बरोबरची खूण होते. परवां खुणा करतां करतां त्या म्हणाल्या, कीं गुडघा अलीकडे फक्त जिन्यावर दुखतो.